कौटुंबिक चित्रपट : नियम, पोटनियम आणि अपवाद

कौटुंबिक चित्रपट हा सोसण्याचा चित्रपट असतो. मारधाडीच्या चित्रपटात माणसे एकमेकांना हाणतात, विनोदी चित्रपटात धडपडतात, भुताच्या चित्रपटात किंचाळतात. कौटुंबिक चित्रपटात ती सोसतात. जो सर्वांत जास्त वेळ सोसतो तो नायक, आणि मराठीत तो बहुधा नायिका असतो. जगभर या प्रकाराला ड्रामा म्हणतात. मराठी जाहिरातींनी त्यासाठी ‘संपूर्ण कौटुंबिक चित्रपट’ असा शब्दप्रयोग रूढ केला. तो वाचून प्रेक्षकाला एवढे नक्की कळते की चित्रपटात एक कुटुंब आहे, ते सुखी आहे आणि मध्यंतरानंतर त्याचे काही खरे नाही.

या प्रकाराचे जाणकार पुण्या-मुंबईच्या फिल्म सोसायट्यांत भेटतात असा एक समज आहे. खरे जाणकार तिसगावसारख्या गावात भेटतात. नगरहून पाथर्डीकडे निघाले, करंजीचा घाट ओलांडला, की करंजीनंतर थोड्या वेळात तिसगाव लागते. जुन्या वेशींचे आणि आठवडे बाजाराचे हे गाव. जवळच कानिफनाथांची मढी. मढीची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते, रंगपंचमी हा तिचा मोठा दिवस आणि तिथला गाढवांचा बाजार लांबलांबपर्यंत प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात अशा मोठ्या यात्रांतून एके काळी फिरत्या टॉकीजचे तंबू लागत. ट्रकवर मशीन, समोर पांढरे कापड, वर तंबू, खाली जमीन. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, मध्ये दोरी. तिकीट काढलेले आत, न काढलेली पोरे कनातीच्या फटीत. कापड पातळ असल्याने पडद्याच्या पलीकडे बसूनही चित्र दिसे, फक्त उलटे. आतल्या लोकांना उजव्या हाताने चाबूक ओढणारा पाटील पलीकडच्यांना डावखुरा वाटे. बाकी कथेत काही फरक पडत नसे.

कथेत फरक न पडणे, हाच या प्रकाराचा पाया. गावोगाव फिरून प्रिंट झिजलेली असायची. चालत्या खेळात रीळ तुटले की मशीनवाला खराब तुकडा कापून उरलेली टोके चिकटवी, त्यामुळे दर यात्रेला चित्रपट थोडा थोडा आखूड होत जाई. सोसण्याचे काही प्रसंग अशा रीतीने कायमचे गेले. तरी मधली दहा मिनिटे कुठे गेली, असे कोणी विचारल्याचे आढळत नाही. सून माजघरात होती, आता विहिरीवर आहे. म्हणजे मध्ये सासू बोलली. एवढे प्रेक्षक स्वतः भरून काढी. पुढे व्हिडिओचा जमाना आला. सत्यनारायणाच्या किंवा गणपतीच्या निमित्ताने भाड्याने रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा, अंगणात मांडायचा आणि एका रात्रीत तीन चित्रपट उरकायचे, ही तेव्हाची पद्धत. तिसरा संपता संपता तांबडे फुटायचे. पहिल्यातला दीर आणि तिसऱ्यातला दीर यांची डोक्यात सरमिसळ झालेली असायची आणि दोन्ही कथा त्यामुळे बिघडत नसत. संकेत पक्के असले की असे होते.

पहिला संकेत घराचा. घर वाडा असावा आणि वाड्याला रुंद जिना असावा. तिसगावच्या परिसरात माळवदाची जुनी घरे होती. त्यांत माळवदावर जायची वाट अशी अरुंद की पडणाऱ्याला पडायलाही नीट जागा नाही. चित्रपटातला जिना मात्र खास पडण्यासाठी बांधलेला असतो. गरोदर स्त्री त्यावरून उतरू लागली की प्रेक्षकांतल्या बायका आधीच डोळ्याला पदर लावतात. हा संकेत मराठीचा एकटीचा नाही. ‘गॉन विथ द विंड’मध्ये (१९३९) स्कार्लेट अशीच जिन्यावरून पडते आणि तिचे मूल जाते. डग्लस सर्कच्या ‘रिटन ऑन द विंड’मध्ये (१९५६) तर तेलाच्या धंद्यात गडगंज झालेला बाप जिन्यावरून कोसळून मरतो आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावर मुलगी गाणे लावून नाचत असते. इतका पैसा असून त्या घराने जिन्याला धड कठडा केला नाही. पण धड कठडा असलेल्या घरात नाट्य घडत नाही.

जिन्याखालोखाल महत्त्व दाराला. कौटुंबिक चित्रपटातले प्रत्येक गुपित दाराआडून ऐकले जाते. दोन माणसे खोलीत हळू आवाजात बोलत असतात; हळू म्हणजे मागच्या रांगेला ऐकू जाईल इतके. तेवढ्यात तिसरे माणूस चहा घेऊन येते. हातात ट्रे, ट्रेवर कपबश्या, कपांतून वाफ. नेमका ‘ती माझी खरी मुलगी नाही’ इथेच त्याचा पाय उंबऱ्याला लागतो. ट्रे खाली जातो. कप एका वेळी फुटत नाहीत; एक आधी, मग दुसरा, मग बशी गोल फिरत फिरत थांबते, तोवर कॅमेरा आधी चहा आणणाऱ्याच्या आणि मग बोलणाऱ्यांच्या तोंडावर जाऊन येतो. फुटलेल्या कपांचा हिशेब कोणीही मागत नाही. ज्या घरात गहाण पडलेल्या पाटल्यांवरून दोन रिळे भांडण चालते, त्या घरात चहाचे सेट मात्र अमाप असतात.

पात्रांची वाटणीही ठरलेली. आईला खोकला असतो, वडिलांना छातीत कळ येते, थोरला भाऊ त्याग करतो, धाकटा शहरात शिकून बिघडतो. नायिकेला चक्कर आली तर ती गरोदर असते. चक्कर येण्याचे दुसरे कोणतेही कारण या प्रकाराला मान्य नाही, उपाशीपोटी चार हंडे वाहिलेले असले तरी नाही. गड्याला सगळे माहीत असते, पण त्याने शपथ घेतलेली असते. नणंद लग्नाची आहे की लग्न होऊन परत आलेली, यावर तिच्या दुष्टपणाचे प्रमाण ठरते.

आईच्या जागी वर्षानुवर्षे सुलोचनाबाई होत्या. ‘वहिनींच्या बांगड्या’ (१९५३), ‘मोलकरीण’ (१९६३), ‘एकटी’ (१९६८) ही नावे ओळीने घेतली तरी बाईच्या आयुष्याचा आलेख डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि तो चढता नाही. त्याच १९५३ साली आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ आला. त्यात वनमाला आई झाल्या आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे राष्ट्रपती सुवर्णपदक पहिल्यांदाच दिले गेले ते या चित्रपटाला. देशाच्या राष्ट्रीय पुरस्कारांचा श्रीगणेशा मराठी आईच्या डोळ्यांतल्या पाण्याने झाला, ही नोंद कौटुंबिक चित्रपटाला नाक मुरडणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सासूचे पद त्या मानाने अपघाताने भरले गेले. ललिता पवार या आधी नायिका होत्या. १९४२ साली एका चित्रीकरणात भगवानदादांनी मारलेली थप्पड जरा जास्तच खरी बसली, चेहऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. त्या डोळ्याने पुढे कित्येक सुनांना घाम फोडला. सासूला फारसे संवाद लागत नाहीत, तिने बघितले तरी पुरते, हे त्यांनी सिद्ध केले. उषा नाडकर्णींनी पुढे संवादही लागतात हे सिद्ध केले.

खलनायक गावातला असेल तर तो पाटील, सरपंच, सावकार किंवा साखर कारखान्याचा चेअरमन असतो. निळू फुल्यांनी ही चारही खाती सांभाळली. जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’त त्यांनी उभा केलेला हिंदूराव हा साखरसम्राट तर खलनायकाच्या पुढची पायरी आहे, कारण तो गोड बोलतो. सहकारी साखर कारखानदारीचा उगमच ज्या जिल्ह्यात, प्रवरानगरला झाला, त्या नगर जिल्ह्यात हा चित्रपट पाहणाऱ्यांची नजर पडद्याइतकीच एकमेकांकडे वळत असली तर नवल नाही. जिल्ह्याने हिंदी पडद्यालाही एक खलनायक दिला: नगरचे सदाशिव अमरापूरकर. ‘अर्धसत्य’मधला (१९८३) त्यांचा रामा शेट्टी आवाज न चढवता घाबरवतो. कौटुंबिक चित्रपटातल्या खलनायकाला ही सवलत नाही. त्याने मिशीला पीळ देऊन सातमजली हसणे बंधनकारक असते, नाहीतर मागे बसलेल्यांना तो पाहुणा वाटण्याचा धोका असतो.

सावकाराच्या बाबतीत मात्र हा प्रकार काळाच्या बराच मागे राहिला आहे. पाथर्डी तालुक्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांच्या डोक्यावर असते ती मुकादमाकडून घेतलेली उचल. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल फिटेपर्यंत ऊस तोडायचा असतो. इतके तयार नाट्य समोर असताना कौटुंबिक चित्रपट अजून वहीवर अंगठा घेणाऱ्या, चोपडी काखेत मारलेल्या सावकारावर भागवतो. कारण उघड आहे. सावकाराला शेवटी पश्चात्ताप होतो आणि तो कागद फाडतो. उचलीचा हिशेब फाडून टाकणारा मुकादम दाखवला तर ज्या पट्ट्यातून हे प्रेक्षक येतात तिथे चित्रपट विनोदी म्हणून गाजेल.

हवामानाचा नियम एका वाक्यात सांगता येतो: कोणाला घराबाहेर काढले की पाऊस येतो. आधी वीज, मग वारा, मग तुळशीवृंदावनातला दिवा विझतो आणि लगेच मुसळधार. हा नियम पाथर्डी तालुक्यात बसून पाहताना अंगावर काटा येतो, पण भलत्याच कारणाने. तालुका पर्जन्यछायेतला, दुष्काळी. टँकरची आणि वांबोरी चारीला पाणी सुटण्याची वाट बघण्यात इथे पिढ्या गेल्या. एका सुनेला बाहेर काढल्याने एवढा पाऊस होत असेल तर पुढची चर्चा कुठल्या दिशेने जाईल हे सांगायला नको. पडद्यावर पाऊस पडू लागला की पुरुषांच्या बाजूने समाधानाचा जो सुस्कारा येतो, तो नायिकेसाठी असतोच असे नाही.

वैद्यकीय नियम जरा सविस्तर पाहावे लागतात. चित्रपटातला डॉक्टर कोणी बोलवायच्या आत हजर होतो. काळी बॅग खाटेवर ठेवतो, रुग्णाचे मनगट धरतो आणि आपल्या घड्याळात बघतो. मग चष्मा काढतो की नाही, यावर सगळे अवलंबून. चष्मा डोळ्यांवर राहिला तर हवापालट आणि फळे. चष्मा काढून हातात घेतला तर माणूस गेला किंवा जाणार. त्यानंतरचे वाक्य ‘यांना शहरात न्यावं लागेल’ हे असून त्यापुढचे खर्चाचे असते. तो आकडा नेहमी घरात असलेल्या पैशाच्या थोडा पुढे राहील, याची डॉक्टर काळजी घेतो.

तिसगावच्या बाजूला हेच वाक्य ‘नगरला हलवा’ असे आहे आणि ते आजही रोज कुठे ना कुठे उच्चारले जाते. फरक त्यापुढे सुरू होतो. चित्रपटात पुढच्याच दृश्यात ऑपरेशन थिएटरचा लाल दिवा लागलेला असतो. इथे आधी गाडी बघायची. गाडी मिळाली की कोण कोण बसणार यावर दारात पाच मिनिटे. मग आधार कार्ड, रेशन कार्ड, मागच्या वेळची फाइल. फाइल कपाटात नाही, ती गादीखाली. कोणीतरी डबा करून देतो. मग करंजीचा घाट, मग नगर, मग केसपेपरची रांग. चित्रपटातल्या रुग्णाला केसपेपर काढावा लागत नाही, म्हणून तर त्याला तीन मिनिटे बोलता येते. ज्याला खरोखर नगरला हलवले आहे, तो फक्त ‘चार्जर घेतला का’ असे विचारतो.

मरणाऱ्याला चित्रपटात मिळणारी सवलत हा या नियमाचाच पोटनियम आहे. त्याला आयुष्यभराची सगळी हकिगत सांगायला श्वास पुरतो. तो फक्त एका ठिकाणी संपतो: ‘तुझे खरे वडील म्हणजे...’ इथे. मान कलते, ती नेहमी कॅमेऱ्याच्या बाजूला.

वस्तूंचा नियम शीर्षकांतच सापडतो. ‘कुंकू’, ‘वहिनींच्या बांगड्या’, ‘हळद रुसली कुंकू हसलं’, ‘माहेरची साडी’: मराठी कौटुंबिक चित्रपटांची यादी वाचताना रुखवताची यादी वाचल्यासारखे वाटते. वस्तू जितकी लहान तितका तिचा भार मोठा. मंगळसूत्राला तर चित्रपटात मणी कमी आणि कामे जास्त. ते विकले जाते, तुटते, विहिरीत पडते, गुंडाच्या हातात राहते आणि बरोबर वीस वर्षांनी कोर्टात पुरावा म्हणून येते. खरी गृहिणी दागिना मोडताना सोनाराशी घटीवरून वाद घालते. चित्रपटातली नायिका तो डोळे मिटून उतरवून देते आणि सोनाराच्या तराजूकडे बघतही नाही. बाजाराचे गाव असलेल्या तिसगावच्या बायकांना मुळीच न पटणारी जर कुठली गोष्ट असेल तर ती हीच.

साडीचा उल्लेख आला म्हणजे १९९१ चा ‘माहेरची साडी’ आलाच. विजय कोंडके यांचा हा चित्रपट अलका कुबल यांच्या नावाशी असा जोडला गेला की ज्यांनी तो पाहिला नाही तेही घरात कोणी डोळ्यांत पाणी आणले तर त्यांचे नाव घेतात. मराठी मातीतून उगवला असे ज्याच्याबद्दल डोळे झाकून सांगितले जाते, तो चित्रपट मुळात राजस्थानी. ‘बाई चाली सासरिये’ (१९८८) या चित्रपटावरून तो बेतला आणि पुढे १९९४ मध्ये हिंदीत ‘साजन का घर’ झाला. सासर तीन भाषांतून फिरले आणि कुठेही सुधारले नाही. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’चेही (१९७२) मूळ ‘द ब्लू एंजल’ (१९३०) या जर्मन चित्रपटात आहे. तिथला प्राध्यापक इथे मास्तर झाला आणि नाचगाण्याची खोली जाऊन तमाशाचा फड आला. परक्या मुलखातले दुःख आणून त्याला नऊवारी नेसवण्याची ही कला कमी प्रतीची समजण्याचे कारण नाही.

नाट्यापुढे वास्तवाचे चालत नाही याचा दाखला शोधायला चित्रपटापर्यंत जायचीही गरज नाही. नगरहून तिसगावकडे येताना डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली वास्तू दिसते. ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर. लोक मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. एसटीत खिडकीशी बसलेला माणूस शेजारच्या लहान मुलाला तेच सांगतो. कारभार बघणाऱ्या मंत्र्याची कबर म्हटले तर मूल दुसरीकडे बघेल. किल्ला लढवणारी राणी म्हटले की गोष्ट सुरू होते.

आता मुख्य नियम. वर सांगितलेले सगळे संकेत काढून टाकले तरी कौटुंबिक चित्रपट उभा राहतो, हा एक काढला तर कोसळतो. नियम असा: जे एका वाक्यात मिटण्यासारखे आहे, ते वाक्य बोलायचे नाही. सुनेवर चोरीचा आळ येतो, पाटल्या नणंदेने घेतल्याचे तिने डोळ्यांनी पाहिलेले असते, ती गप्प. मुलगा विचारतो, आई, हे खरं आहे का? आई गप्प. ज्याच्याबरोबर तिला पाहिले म्हणून नवऱ्याने संशय घेतला तो तिचा भाऊ असतो. ‘अहो, हा माझा भाऊ’ हे साधे वाक्य. त्याऐवजी ती देवघरात जाते आणि तेच वाक्य देवाला सांगते, मोठ्याने आणि कारणांसह. देवाला ते आधीच माहीत असते. ज्याला माहीत नाही तो शेजारच्या खोलीत असतो, आणि ज्या घरात चहाचा ट्रे नेणाऱ्याला भिंतीपलीकडचे कुजबुजणेही ऐकू येते, त्याच घरात त्याला हा आक्रोश ऐकू येत नाही.

तंबूत या ठिकाणी बायकांच्या बाजूने हमखास आवाज उठे: ‘अगं, सांग की!’ दुसरी म्हणे, ‘आत्ता सांगत नाही ती.’ हा प्रकाराचा सर्वांत रंगलेला क्षण. चित्रपटाचा उरलेला सव्वा तास त्या एका न बोललेल्या वाक्यावर चालतो. पुरुष प्रेक्षक इथे नायिकेला भोळी म्हणून मोकळे होतात. बायका तसे म्हणत नाहीत. जिना, पाऊस, चष्मा, मंगळसूत्र यांना हसणाऱ्या बाईला हा संकेत मात्र खोटा वाटत नाही. आपण बोललो तर कोण ऐकून घेईल आणि ऐकून घेतले तर पुढे त्याच घरात दिवस कसे काढायचे, याचा अंदाज तिला पटकथाकारापेक्षा अधिक असतो. संपूर्ण कौटुंबिक चित्रपटात वास्तववादी म्हणता येईल असा भाग एवढाच, आणि समीक्षक नेमका त्यालाच अतिरंजित म्हणतात.

याला अपवाद आहे आणि तो चक्रावून टाकणारा आहे, कारण तो सुरुवातीलाच आहे. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभातने १९३७ साली ‘कुंकू’ काढला. दिग्दर्शक शांताराम. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, त्याला नवरा मानायला सरळ नकार देते. ती बोलते. घरात, सगळ्यांसमोर आणि पहिल्यापासून. वर चित्रपटाला पार्श्वसंगीतही नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचे आवाज, रस्त्यावरची वर्दळ यांवर सगळे भागवले आहे. म्हणजे मराठी कौटुंबिक चित्रपटाने सनई-सारंगी आणि सोशिक सून, या दोन्हींशिवाय चालते हे १९३७ सालीच दाखवून दिले होते. नंतर त्याने ही चूक पुन्हा केली नाही. चोपन्न वर्षांनी ‘माहेरची साडी’ आला तेव्हा सून पूर्ण गप्प झाली होती आणि सारंगी अखंड चालू होती.

शेवटाचे नियम थोडक्यात आटोपण्यासारखे आहेत, कारण चित्रपटही ते थोडक्यात आटोपतो. अडीच तास केलेल्या पापांचा पश्चात्ताप साधारण दीड मिनिटात होतो. सासू पाया पडू लागते, सून तिला मध्येच धरते आणि ‘तुमची जागा इथे’ असे म्हणते. पोलीस सगळे संपल्यावर येतात. हा बहुधा एकमेव नियम ज्यात तिसगावचा प्रेक्षक वास्तवाशी फारकत दाखवू शकत नाही. मग वाचलेले सर्व जण फोटोला उभे राहिल्यासारखे रांगेत येतात, गड्यालाही आज मागे उभे राहू दिले जाते. पण इथवर पाहायला तंबूत अर्धेच लोक उरलेले असत. पश्चात्तापाची पहिली हालचाल दिसताच बाकीचे पोरे काखोटीला मारून, चपला शोधत बाहेर पडत. शेवट त्यांना पाठ असे आणि गावाकडे जाणारा टेम्पो कोणाच्या पश्चात्तापासाठी थांबत नसे.

अलीकडे या घराण्यात काही बंडखोर निपजले. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) पश्चात्ताप कोणालाच होत नाही. त्यांच्याच ‘सैराट’ने (२०१६) शेवटी संगीत बंद केले आणि थिएटरातल्या लोकांना रुमाल काढायचे सुचेना. नगर जिल्ह्यातच, श्रीगोंदा तालुक्यातल्या भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ (२०१५) हा मेंढपाळ कुटुंबाचा चित्रपट आहे. तो काढण्यासाठी त्यांनी जमीन विकली. कौटुंबिक चित्रपटात जमीन विकली जाते ती मुलीच्या लग्नासाठी, आईच्या ऑपरेशनसाठी किंवा धाकट्याच्या शिक्षणासाठी. खुद्द चित्रपटासाठी ती विकल्याचा प्रसंग एकाही पटकथेत नाही, कारण निर्मात्याने तो पहिल्याच बैठकीत अतिरंजित म्हणून काढायला लावला असता.

जुने नियम मात्र बुडाले नाहीत, ते मालिकांच्या घरी राहायला गेले. जिना तिकडे आहे, ट्रे आहे, दाराआडून ऐकणे आहे. थप्पड एकदाच मारली जाते पण तीन बाजूंनी तीनदा दाखवली जाते. तंबूत ‘सांग की’ म्हणणाऱ्यांच्या सुना आता स्वयंपाक आटोपून, किंवा गॅस बारीक करून, तेच वाक्य टीव्हीला सांगतात. एक फरक तेवढा झाला. चित्रपटाला न बोललेले वाक्य तिसऱ्या तासाला तरी बोलावे लागत होते, मालिकेवर तशी सक्ती नाही. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ साली सुरू झाली आणि तीन हजारांहून अधिक भाग होऊन २०१३ मध्ये संपली. सासूचे दिवस चार म्हणून जाहीर झाले होते. ते अकरा वर्षांहून अधिक चालले, आणि सुनेच्या दिवसांची पाळी यायच्या आत त्या वेळेला दुसरी मालिका लावण्यात आली.